मुलांचं यकृत प्रत्यारोपण आणि शिरेतून दिली जाणारी फ्लुइड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यकृत प्रत्यारोपणासाठी मूल दाखल झालं की दोन बाजूंनी प्रश्न येतात. पालकांचे प्रश्न थेट असतात: सलाईन किती लावणार, रक्त लागेल का, चेहरा एवढा का सुजला. भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि आयसीयूतल्या सिस्टर बाटलीच्या लेबलवरच्या आकड्यांबद्दल विचारतात. दोघांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. पालकांनी पहिले चार, अकरावा आणि शेवटचे दोन प्रश्न वाचले तरी पुरे. इथले आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत. प्रत्यक्ष डोस त्या मुलाची टीम त्या क्षणीचे रिपोर्ट पाहूनच ठरवते.

१. सलाईन, ड्रिप, आयव्ही फ्लुइड हे सगळं एकच का?

बोलण्यात एकच, औषधाच्या दृष्टीने नाही. आपण सगळ्यालाच सलाईन म्हणतो, पण खरी सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. हॉस्पिटलात तिला एनएस म्हणतात. तिच्याशिवाय रिंगर लॅक्टेट म्हणजे आरएल, प्लाझ्मालाइट, डेक्स्ट्रोज ही फ्लुइड्स असतात. ही सगळी पाणी, क्षार आणि साखर यांची वेगवेगळी मिश्रणं. दुसरा गट अल्ब्युमिनसारख्या प्रथिनयुक्त द्रवांचा. तिसरा गट रक्त आणि रक्तघटकांचा: लाल पेशी, एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा), प्लेटलेट, क्रायो (प्लाझ्मातून वेगळे काढलेले रक्त गोठवणारे घटक). प्रत्यारोपणात तिन्ही गट लागतात आणि प्रत्येकाचं काम निराळं असतं.

२. सलाईनने ताकद येते ना? मग आमच्या बाळाला थोडी जास्त दिली तर काय हरकत आहे?

ही समजूत घरोघरी आहे. अशक्तपणा आला की डॉक्टरांकडे जाऊन एक बाटली लावून घ्यायची सवय तिच्यामागे आहे. एनएस किंवा आरएलमध्ये ताकद देणारं काहीच नसतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, एवढंच.

जास्तीच्या फ्लुइडची हरकत मात्र मोठी आहे. आजारी यकृताच्या मुलाच्या रक्तात अल्ब्युमिन कमी असतं, त्यामुळे शिरेत गेलेलं पाणी तिथे टिकत नाही. ते पोटात, फुफ्फुसांत, आतड्याच्या भिंतीत उतरतं. आतडी सुजली की शस्त्रक्रियेच्या शेवटी पोट शिवणं अवघड होतं. पोट ताणून शिवलं तर नव्या यकृताच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. म्हणून आम्ही बाळाला कमी सलाईन देतो आहोत असं दिसलं, तर ती कंजुषी नव्हे.

३. मोठ्यांच्या प्रत्यारोपणाचे नियम वजनाप्रमाणे कमी करून मुलांना लावले तर चालत नाही का?

काही नियम चालतात, बरेच चालत नाहीत.

पहिलं कारण आजार. मुलांमध्ये प्रत्यारोपणाचं सगळ्यात नेहमीचं कारण बिलिअरी अट्रेशिया, म्हणजे पित्तनलिका जन्मतः बंद असणं. यातल्या बऱ्याच बाळांचं कासाई ऑपरेशन, म्हणजे पित्ताला वाट द्यायला यकृताला आतडं जोडणं, आधीच झालेलं असतं. त्यामुळे पोटात सगळं चिकटलेलं असतं आणि यकृत सोडवतानाच बराच रक्तस्राव होतो. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर इथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता, आजार बिलिअरी अट्रेशिया, आणि रक्तस्राव न थांबल्यामुळे तो टेबलावरच गेला. आज परिस्थिती खूप वेगळी आहे. भारतात १९९८ मध्ये मुलातलं पहिलं प्रत्यारोपण यशस्वी झालं, तेही बिलिअरी अट्रेशियासाठीच. पण यकृत सोडवण्याचा तो टप्पा आजही तितकाच जपून पार करावा लागतो.

दुसरं कारण आकडे. सात किलोच्या बाळात रक्त साधारण किलोला ८० मिली, म्हणजे एकूण ५६० मिली असतं. हिमोग्लोबिन १० आहे आणि ते ८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर रक्त न चढवता किती रक्तस्राव सोसेल? ५६० ला १० मधून ८ वजा करून आलेल्या २ ने गुणा आणि १० ने भागा. उत्तर ११२ मिली. लहान वाटीभर. मोठ्या माणसात एवढं रक्त गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे दोन-तीन मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) भिजले की हिशेब संपतो. म्हणून मॉप वजन करून पाहतात आणि सक्शनच्या बाटलीतले आकडे मोठ्याने सांगतात.

तिसरं कारण नव्या यकृताचा आकार. आपल्याकडे बहुतेक मुलांना आई, वडील किंवा जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा डावा छोटा भाग मिळतो. छोट्या बाळाच्या पोटात तोही मोठा ठरतो. पोटात आधीच जागा कमी, त्यात फ्लुइडने आलेल्या सुजेला जागा कुठून मिळणार?

४. ऑपरेशनआधी बाळाला किती वेळ उपाशी ठेवायचं? त्या वेळात ड्रिप लावता का?

साधारण नियम असा: फॉर्म्युला किंवा वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. काही ठिकाणी पाणी १ तास आधीपर्यंतही देतात. पोटात खूप पाणी साठलं असेल तर जठर हळू रिकामं होतं, तेव्हा टीम वेळ वाढवू शकते. आजारी यकृतात साखरेचा साठा कमी असतो. त्यामुळे लहान बाळाला उपाशी वेळात साखर असलेली ड्रिप लावून रक्तातली साखर तपासत राहतात. चयापचयाचा आजार असेल तर ही ड्रिप क्षणभरही थांबवायची नसते. त्याचं कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

५. एनएस, आरएल की प्लाझ्मालाइट? एकच सांगा.

एकच सांगायचं तर प्लाझ्मालाइट किंवा त्याच जातीचं दुसरं संतुलित फ्लुइड. पण का, ते समजून घ्या, कारण तुमच्या थिएटरमध्ये ते नसेल त्या दिवशी निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

एनएसमध्ये लिटरला १५४ मिलीमोल सोडियम आणि तेवढंच क्लोराइड असतं. रक्तातलं क्लोराइड १०० च्या आसपास असतं. एनएस भरपूर गेलं की क्लोराइड चढतं आणि ॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्तातलं आम्ल वाढतं. यकृत प्रत्यारोपणात ॲसिडोसिसची खरी कारणं आधीच पुष्कळ असतात. आपणच ओतलेल्या मिठाने त्यात भर पडली, तर ब्लड गॅस या रक्तचाचणीतला बेस डेफिसिट (आम्ल किती वाढलं त्याचा आकडा) पाहून रक्ताभिसरण बिघडलं की बाटलीने गोंधळ केला ते कळत नाही. मूत्रपिंडालाही जास्त क्लोराइड मानवत नाही.

आरएलमध्ये सोडियम १३० आणि क्लोराइड १०९, म्हणजे क्लोराइडच्या बाजूने ते बरं. पण त्याची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, २७३ च्या आसपास, रक्तापेक्षा कमी. मेंदूला सूज यायची भीती असलेल्या मुलात तेवढा फरकही नको असतो. लॅक्टेटचा मुद्दा प्रश्न ६ मध्ये आहे. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, म्हणून ज्या लाइनने रक्त जातंय त्याच लाइनने आरएल सोडत नाहीत.

प्लाझ्मालाइटमध्ये सोडियम १४०, पोटॅशियम ५, क्लोराइड ९८, मॅग्नेशियम १.५, आणि लॅक्टेटऐवजी ॲसिटेट व ग्लुकोनेट. ॲसिटेटचं रूपांतर स्नायूंसकट शरीरभर होतं, यकृतावर ते अडत नाही. त्यात कॅल्शियम नसतं, त्यामुळे रक्तासोबत चालतं. उलट कॅल्शियम वेगळं द्यायची जबाबदारी आपल्यावर येते.

विद्यार्थी हमखास विचारतात: पोटॅशियम ५ असलेलं फ्लुइड, जिथे पोटॅशियम वाढण्याचीच भीती आहे तिथे कसं द्यायचं? ज्या द्रवात ५ आहे तो रक्तातलं पोटॅशियम स्वतःच्या जोरावर ५ च्या वर ढकलू शकत नाही. उलट एनएसमुळे होणाऱ्या ॲसिडोसिसने पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं. पोटॅशियम नसलेलं फ्लुइड म्हणून एनएस निवडण्याची सवय म्हणूनच सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पुराव्याबद्दल एक गोष्ट. मृत दात्याच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणात प्लाझ्मालाइट दिलेल्या रुग्णांचं नवं मूत्रपिंड एनएसच्या तुलनेत वेळेवर चालू होतं, हे बेस्ट फ्लुइड्स या चाचणीने २०२३ मध्ये दाखवलं. तो पुरावा बालयकृतावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. इथली निवड मुख्यतः शरीरशास्त्राच्या तर्कावर उभी आहे, हे ध्यानात ठेवून वागावं.

६. यकृत काढल्यावर आरएलमधलं लॅक्टेट कोण जाळणार? आरएल दिलं तर चूक झाली का?

लॅक्टेट वापरण्याचं मोठं काम यकृताचं, काही वाटा मूत्रपिंडांचा. जुनं यकृत निघालं आणि नवं अजून जोडलेलं नाही, या ॲनहेपॅटिक टप्प्यात लॅक्टेट तसंही चढतं. थोड्या आरएलने मूल धोक्यात येत नाही. आरएलमधलं लॅक्टेट हे आम्ल नसून सोडियमचं क्षार आहे, त्यामुळे ते थेट ॲसिडोसिस करत नाही.

नुकसान वेगळं आहे. नवं यकृत काम करू लागलं की नाही याची पहिली खूण म्हणजे उतरतं लॅक्टेट. दर तासाच्या गॅसवर ८, ६.५, ५ असा उतार दिसला की सगळं थिएटर सैल होतं. आपण बाहेरून लॅक्टेट ओतत राहिलो तर हा उतार पुसट होतो. आरएलशिवाय पर्याय नसेल तर यकृत सोडवण्याच्या टप्प्यात वापरा आणि क्लॅम्प (रक्तवाहिन्या बंद करणारे चिमटे) लागण्याआधी बदला.

७. मेंटेनन्ससाठी, म्हणजे रोजच्या मूलभूत गरजेच्या फ्लुइडसाठी, ४-२-१ चा नियम वापरायचा का? वॉर्डमध्ये आयसोलाइट पी हे मुलांचं मेंटेनन्स फ्लुइड चालू होतं, तेच पुढे नेलं तर?

पहिल्या दहा किलोंना तासाला किलोमागे ४ मिली, पुढच्या दहांना २, त्यापुढे १. हा हिशेब १९५७ च्या हॉलिडे आणि सेगर यांच्या कामावरून आला आणि सुरुवातीचा आकडा म्हणून ठीक आहे. उघड्या पोटासाठी त्यावर तासाला किलोमागे आठ-दहा मिली आणखी घालायची जुनी रीत मात्र सोडायला हवी. तेवढं पाणी उडून जात नाही, ते मुलाच्या अंगातच राहतं. मूलभूत गरजेपुरतं चालू ठेवा आणि बाकीचं जे जाताना दिसतं त्याच्या बदल्यात द्या.

आयसोलाइट पी थिएटरमध्ये नको. त्यात सोडियम लिटरला २५ च्या आसपास असतं आणि पोटॅशियम सुमारे २०. ऑपरेशनच्या ताणात शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात कमी सोडियमचं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पडतं आणि मेंदू सुजतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये मुलांच्या मेंटेनन्ससाठी आयसोटॉनिक (रक्ताइतक्या क्षारांच्या) फ्लुइडची शिफारस केली, पण यकृताचे रुग्ण तिच्या कक्षेबाहेर ठेवले होते. म्हणून तिचं नाव घेऊन वाद जिंकू नका. कारण समजून बदला.

८. डेक्स्ट्रोज द्यायचं की नाही? काही सर म्हणतात द्या, काही म्हणतात अजिबात नको.

दोघंही आपापल्या टप्प्यापुरते बरोबर आहेत. यकृत सोडवताना आणि विशेषतः ॲनहेपॅटिक टप्प्यात साखर पडू शकते, कारण ती बनवणारा अवयवच शरीरात नसतो. बाळ जितकं लहान तितका धोका मोठा. इथे संतुलित फ्लुइडमध्ये १ ते २.५ टक्के डेक्स्ट्रोज पुरतं. ५०० मिलीच्या बाटलीत २५ टक्के डेक्स्ट्रोजचे २० मिली घातले की साधारण १ टक्का होतं. बाटलीवर लेबल लावा. साखर घातलेली बाटली चुकून बोलससाठी (एकदम भराभर द्यायच्या मात्रेसाठी) वापरली गेली तर पुढचे दोन तास साखर उतरवण्यात जातात.

नव्या यकृतात रक्त सुरू झालं की चित्र उलटतं. त्यातला ग्लायकोजेनचा साठा बाहेर पडतो, त्याच सुमारास स्टेरॉइड दिलेलं असतं, मिळालेल्या रक्तघटकांतही साखर असते. साखर चढते, तेव्हा डेक्स्ट्रोज थांबवा. नवं यकृत जोडूनही साखर पडत राहिली, तर डेक्स्ट्रोज वाढवून गप्प बसू नका. यकृत चालत नसल्याची ती खूण असू शकते, सर्जनला लगेच सांगा.

९. अल्ब्युमिन ५ टक्के की २० टक्के? आणि एवढं महाग असताना खरंच लागतं का?

पोट उघडल्यावर साठलेलं पाणी एकदम बाहेर येतं, कधी कधी एक लिटरच्या वर. दाब सुटला की ते पुन्हा साठू लागतं, आणि त्याबरोबर प्रथिनं जातात. हे नुकसान केवळ क्षारांच्या पाण्याने भरून काढलं तर प्रश्न २ मधली सूज ठरलेली. त्यामुळे इथे अल्ब्युमिनचा खर्च मला योग्य वाटतो. आकारमान भरायचं असेल तर ५ टक्के, एका वेळी किलोला ५ ते १० मिली. मूल आधीच सुजलेलं आहे आणि पाणी न वाढवता प्रथिन हवंय, तर २० टक्के, सावकाश.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी २० टक्क्यांची १०० मिलीची बाटलीच मिळते. पाच टक्के करायचं तर तिच्यात ३०० मिली एनएस घाला. डिस्टिल्ड वॉटर कधीही घालू नका. तो द्रव इतका पातळ होतो की शिरेत लाल पेशी फुटतात, आणि अशी गफलत जिवावर बेतते. सोडियम जास्त असलेल्या मुलात एनएसऐवजी काय घालायचं, हे फार्मसीला विचारूनच ठरवा.

१०. अल्ब्युमिनऐवजी देता येणारे हेमॅक्सेल किंवा स्टार्च हे द्रव स्वस्त आहेत. त्यांनी भागवलं तर?

स्टार्च नको. मूत्रपिंडाला इजा आणि रक्त गोठण्यात बिघाड, ही दोन्ही संकटं या मुलांच्या दारात आधीच उभी असतात. युरोपात २०१३ पासून त्यावर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच स्थगित करण्याचा निर्णय झाला. हेमॅक्सेल हे जिलेटिन. त्यात कॅल्शियम असल्याने रक्ताच्या लाइनला चालत नाही, आणि ॲलर्जीचा झटका येऊ शकतो. अल्ब्युमिन हातात येईपर्यंत एखादा बोलस द्यावा लागला तर समजू शकतो. बेत म्हणून नको.

११. रक्त किती लागेल? आणि हिमोग्लोबिन १२-१३ पर्यंत का नेत नाही?

आधीच सांगता येत नाही. कधी एक पिशवी पुरते, कधी बाळाच्या एकूण रक्ताच्या दुप्पट लागतं. म्हणून रक्तपेढीला आधीच कळवलेलं असतं.

हिमोग्लोबिन बहुतेक केंद्रं ८ ते १० च्या दरम्यान ठेवतात. लहान बाळाची यकृताकडे जाणारी धमनी दोन-तीन मिलिमीटरची. रक्त दाट झालं की तिथे गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि मुलांमध्ये तो मोठ्यांपेक्षा जास्तच असतो. ही धमनी बंद पडली तर नवं यकृत गमावण्याची वेळ येते. म्हणून रिपोर्टमध्ये ८.५ दिसल्यावर पालकांनी घाबरू नये, तो आकडा मुद्दाम ठेवलेला असतो.

एफएफपी आणि प्लेटलेटचंही तेच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) २.५ आहे म्हणून एफएफपी, असं करू नका. यकृताच्या आजारात रक्त गोठवणारे घटक कमी होतात तसे गुठळी रोखणारेही कमी होतात, आणि आयएनआर यातली एकच बाजू दाखवतो. गुठळी प्रत्यक्ष कशी बनते ते दाखवणारी टेग किंवा रोटेम चाचणी पाहा, आणि त्याहून आधी शस्त्रक्रियेची जागा पाहा. तिथे रक्त पाझरत नसेल तर रिपोर्टला औषध देऊ नका.

१२. कॅल्शियम इतक्या वेळा का द्यावं लागतं? कॅल्शियम ग्लुकोनेटला यकृत लागतं म्हणतात, ते खरं का?

रक्ताच्या पिशवीत सायट्रेट असतं. ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि यकृत ते निकालात काढतं. यकृत नसताना रक्त जोरात चढवलं की आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम पडतं, त्यामागून हृदयाची ताकद आणि रक्तदाब पडतो. एफएफपीमध्ये सायट्रेट सगळ्यात जास्त. आयोनाइज्ड कॅल्शियम १.१ च्या वर ठेवा, दर गॅसला पाहा.

ग्लुकोनेटमधून कॅल्शियम सुटायला यकृत लागतं ही समजूत जुनी आहे. समान प्रमाणात कॅल्शियम दिलं तर ॲनहेपॅटिक टप्प्यातही कॅल्शियम ग्लुकोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड दोन्ही सारखंच काम करतात. फरक मात्रेचा आहे: १० टक्के क्लोराइडमध्ये मिलीमागे ग्लुकोनेटच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं. क्लोराइड सेंट्रल लाइननेच द्या, बारीक शिरेतून बाहेर गळलं तर कातडी जळते.

१३. नवं यकृत उघडताना, म्हणजे त्यात रक्त सोडताना, नेमकं काय घडतं? त्याआधी फ्लुइडची तयारी काय?

ही काही मिनिटं सगळ्यात अवघड. यकृत बर्फात ठेवताना ज्या द्रवात ठेवलेलं असतं, त्यातल्या यूडब्ल्यू द्रवात पोटॅशियम लिटरला सुमारे १२५ मिलीमोल असतं. एचटीके द्रवात ते १० च्या आसपास, पण त्यात सोडियम फार कमी. म्हणून जोडण्याआधी यकृत अल्ब्युमिन किंवा क्षारांच्या द्रवाने धुऊन घेतात. तरीही थंड, आम्लयुक्त, पोटॅशियमयुक्त रक्त एका झटक्यात छोट्या हृदयात येतं.

क्लॅम्प निघण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी ताजा गॅस हातात हवा. पोटॅशियम ४.५ च्या वर असेल तर ते खाली आणायला तेव्हाच लागा. कॅल्शियम भरलेली सिरिंज, पातळ केलेलं ॲड्रेनलिन, सोडाबायकार्ब जवळ हवं. जुन्या रक्ताच्या पिशवीत साठवणीच्या शेवटी पेशींभोवतीचं पोटॅशियम ४०-५० पर्यंत गेलेलं असतं, म्हणून बाळांसाठी ताज्या किंवा धुतलेल्या पेशी मागवतात. नेमक्या या वेळी जुनी पिशवी जोरात चढवू नका. सगळी फ्लुइड्स वॉर्मरमधूनच जाऊ द्या. आणि क्लॅम्प निघताना रक्तदाब पडला की लगेच बोलसवर बोलस देऊ नका. बहुतेक वेळा ही रिकाम्या शिरांची अडचण नसते, रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. तिथे औषध लागतं. भरपूर फ्लुइडने नवं यकृत फुगतं.

१४. फ्लुइड पुरेसं झालं हे कशावरून ओळखायचं? सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, किती ठेवायचा?

सीव्हीपीचा एकटा आकडा फ्लुइड हवं की नको हे सांगत नाही. त्याचा उपयोग उलट बाजूने: नवं यकृत जोडल्यावर तो १० च्या वर चढत चालला तर यकृतातून रक्त बाहेर पडायला अडथळा होतोय. फार खाली गेला तर उघड्या शिरेतून हवा आत शिरण्याची भीती.

एकाच आकड्यावर विसंबू नका. रक्तदाबाची लाट श्वासाबरोबर किती हलते ते पाहा, पण पोट उघडं असताना आणि मुलांमध्ये हे मोजमाप तितकं भरवशाचं नसतं. लघवी तासाला किलोमागे अर्धा ते एक मिली हवी. लॅक्टेट आणि बेस डेफिसिटचा कल पाहा. शक्य असेल तिथे इकोने हृदय भरलंय की रिकामं ते बघा. आणि पडद्यावरून डोकावून पाहा: आतडी फुगलेली, ओलसर, जड दिसतात का, महाशीर भरलेली आहे की चपटी. सर्जनला विचारायला संकोचू नका. त्यांच्या हाताला यकृत घट्ट लागतं की मऊ, ही माहिती कुठल्याही मॉनिटरवर नसते.

क्लॅम्पच्या वेळची एक खाचखोच. बिलिअरी अट्रेशियाच्या मुलात पोर्टल शिरेभोवती पर्यायी वाटा आधीच तयार झालेल्या असतात, त्यामुळे पोर्टल शीर (आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी) बंद केली तरी क्लॅम्प बरा सोसतो. चयापचयाच्या आजारात किंवा अचानक यकृत निकामी झालेल्या मुलात अशा वाटा नसतात. तिथे क्लॅम्प लागताच दाब कोसळू शकतो, तयारी आधी ठेवा. आणि सुया, लाइनी शरीराच्या वरच्या भागातच घाला. महाशीर दाबलेली असताना पायातून दिलेलं फ्लुइड हृदयापर्यंत पोहोचत नाही.

१५. मुलाचं सोडियम आधीपासूनच १२२ आहे. ऑपरेशनमध्ये दुरुस्त करून टाकायचं ना?

नाही. कित्येक आठवडे कमी असलेल्या सोडियमशी मेंदूने जुळवून घेतलेलं असतं. ते एकदम वर नेलं तर मेंदूच्या चेतातंतूंचं आवरण उतरतं आणि ही इजा कायमची असू शकते. २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढ नको.

अडचण अशी की आपण देतो त्या जवळपास प्रत्येक गोष्टीत सोडियम जास्त आहे: एनएस, अल्ब्युमिन, एफएफपी, आणि सगळ्यात ठासून भरलेलं सोडाबायकार्बमध्ये. साडेसात टक्के बायकार्बच्या १० मिलीच्या एका अँप्यूलमध्ये सुमारे ९ मिलीमोल सोडियम. सात किलोच्या बाळात तेवढ्याने सोडियम जवळपास २ ने चढतं. चार अँप्यूल गेली की दिवसभराची मर्यादा संपली. म्हणून अशा मुलात एनएस टाळा, बायकार्ब अगदी गरजेपुरतं द्या, दर तासाला सोडियम लिहून काढा.

१६. अचानक यकृत निकामी झालेल्या मुलातही हेच नियम का?

सोडियमच्या बाबतीत जवळजवळ उलटे. आपल्याकडे मुलांचं यकृत अचानक निकामी होण्याचं एक मोठं कारण अ प्रकारची कावीळ, आणि या मुलांचा मेंदू सुजतो. इथे सोडियम १४५ ते १५० च्या दरम्यान मुद्दाम ठेवतात, लागलं तर ३ टक्के सलाईनने. आरएल आणि कमी सोडियमची कुठलीही बाटली बाजूला ठेवा. साखर झपाट्याने पडते, म्हणून डेक्स्ट्रोज वेगळ्या पंपावर ठेवा. क्लॅम्पबद्दल प्रश्न १४ पाहा.

१७. चयापचयाच्या आजारासाठी प्रत्यारोपण आहे. यकृत तर दिसायला निरोगी आहे, मग एवढी खबरदारी का?

युरिया सायकलचे दोष, मेपल सिरप युरिन डिसीज, मिथाइलमॅलोनिक ॲसिडीमिया, पहिल्या प्रकारचा ग्लायकोजेन साठवणीचा आजार, यांत उपाशी राहणं हेच विष. शरीर स्वतःची प्रथिनं मोडायला लागलं की अमोनिया किंवा आम्लं चढतात. त्यामुळे उपाशी वेळेपासून नवं यकृत चालू होईपर्यंत १० टक्के डेक्स्ट्रोज, योग्य सोडियम घालून, अखंड. दहा किलोच्या मुलाला तासाला ४० मिली दिलं की मिनिटाला किलोमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम साखर मिळते. साखर चढली तर डेक्स्ट्रोज कमी करू नका, इन्सुलिन सुरू करा. प्रश्न ८ मधला नियम इथे लागू नाही. ग्लायकोजेनच्या पहिल्या प्रकारात, सेंद्रिय आम्लांच्या आणि मायटोकाँड्रियाच्या आजारांत आरएल टाळा. मेपल सिरपच्या आजारात सोडियम पडू देऊ नका, मेंदू फार लवकर सुजतो. चयापचय तज्ज्ञांनी दिलेला आणीबाणीचा कागद फाइलला लावलेला असतो. पालकांनी तो भूलतज्ज्ञांच्या हातात स्वतः द्यावा.

१८. चार्टवर फ्लुइड कमी दिसतंय, तरी माझं मूल सुजलं. असं कसं?

चार्टवर न चढलेलं फ्लुइड शोधा. सहा किलोच्या बाळाला तीन प्रेशर लाइनी आहेत. प्रत्येकीच्या फ्लशमधून तासाला ३ मिली एनएस जातं. तासाला ९, दहा तासांत ९० मिली. म्हणजे किलोला १५ मिली, हा एक भलामोठा बोलस (एकदम दिलेली मात्रा) झाला, जो कुणीच लिहून दिलेला नव्हता. वर अँटिबायोटिक ज्यात पातळ केलं ते, प्रत्येक इंजेक्शनमागचं फ्लश, चार-पाच सिरिंज पंप. उपाय साधे आहेत: लहान बाळाचं फ्लश सिरिंज पंपाने तासाला १ मिलीवर, औषधं शक्य तितकी दाट, आणि प्रत्येक मिली किलोच्या हिशेबात. हे काम बहुतेकदा सिस्टर करतात आणि त्यावर बाळाची सूज ठरते.

पालकांसाठी: नेटकं काम झालं तरी पहिले काही दिवस पापण्या आणि हातपाय थोडे सुजतात. लघवी वाढली की उतरतात.

१९. ऑपरेशननंतर मूल पाणी मागतंय. थोडं दिलं तर? आयसीयूमध्ये सलाईन इतकी कमी का?

सुरुवातीला शिरेतून मेंटेनन्सच्या (रोजच्या मूलभूत गरजेच्या) दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशच देतात, कारण औषधांमधूनही पाणी जात असतं. पोटात ठेवलेल्या नळीतून खूप पाणी बाहेर येत असेल तर त्याच्या बदल्यात अल्ब्युमिन. कोरडंही पडू द्यायचं नसतं, कारण रक्त दाट झालं की धमनीचा धोका वाढतो, म्हणून रोज रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी होते. तोंडाने पाणी केव्हा सुरू करायचं ते आतड्याच्या जोडावर अवलंबून असतं. बिलिअरी अट्रेशियात पित्तनलिका आतड्याला जोडलेली असते, त्या जोडाला थोडे दिवस विश्रांती लागते. तोवर ओल्या कापसाने ओठ पुसा, त्याला हरकत नाही. चमचाभर पाणी देण्याआधी मात्र सिस्टरना विचारा, आणि दिलं तर किती मिली ते त्यांना सांगा, म्हणजे चार्टवर चढेल.